शांत बेडरूम काढू नका

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षी मी थीसिसला स्पेस स्टेशनचं इंटिरियर घेतलं आणि ज्युरीत, म्हणजे परीक्षकांच्या मंडळासमोर, तोंडावर आपटले. सहा वर्षं झाली त्याला. तरी दरवर्षी विषय निवडायची वेळ आली की कुणीतरी ज्युनियर विचारतंच, "ताई, स्पेस आर्किटेक्चर घ्यायचंय, काय करू?" दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते. शीट कशी लावायची, रेंडर (कॉम्प्युटरवरचं हुबेहूब चित्र) कसा करायचा, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. मला जिथे ठेच लागली, तेवढंच सांगते.

माझं स्टेशन सुंदर होतं. (मला अजूनही तसंच वाटतं.) पांढरे गोलसर कॉरिडॉर, भिंतीतून झिरपणारा उजेड आणि सहा अंतराळवीरांसाठी झोपायच्या सहा खोल्या. खोली कसली, मऊ अस्तर लावलेली बंद कुपीच. दार घट्ट बसणारं, आवाज शून्य. कॉन्सेप्टचं नावच मुळी 'मौन'. सिनेमातली स्टेशनं बघत वाढलेल्या मुलीने दुसरं काय काढायचं? तिथे दार हलकेच सरकतं, कुठे एक वायर लोंबत नाही आणि माणसं कुजबुजली तरी ऐकू येतं.

बाहेरून आलेले ज्युरर एचव्हॅकमधले, म्हणजे इमारतीची हवा आणि तापमान सांभाळणाऱ्या यंत्रणांमधले होते. ऑपरेशन थिएटरची हवा सांभाळण्यात आयुष्य गेलेलं. त्यांनी रेंडरकडे पाहिलंसुद्धा नाही. सेक्शनवर, म्हणजे खोली उभी कापून आतलं दाखवणाऱ्या ड्रॉइंगवर, बोट ठेवून म्हणाले, "हा माणूस सकाळी उठणार कसा?"

मला वाटलं अलार्मबद्दल विचारतायत. मी भिंतीतलं घड्याळ दाखवलं.

मग त्यांनी सावकाश विचारलं, या खोलीतली हवा कोण हलवतं? तिथे गरम हवा वर का जात नाही? मी ठसक्यात म्हणाले, "गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून, सर." "असं? मग स्टेशन पृथ्वीभोवती फिरतं कशाला? सरळ निघून का जात नाही?"

हा सापळा नीट समजून घ्या. पाल्हाळ वाटलं तरी वाचा, कारण यात मी एकटी अडकलेली नाही. स्टेशन साधारण ४०० किलोमीटरवर असतं. तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ८९ टक्के असतं. म्हणजे आहेच, भरपूर आहे. फक्त स्टेशन, त्यातली माणसं, चमचे, हवा, सगळं एकाच वेळी एकसारखं पडतंय. आडवा वेग इतका आहे, सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर, की पडता पडता खालची जमीन वाकत जाते आणि पडणं संपतच नाही. साधारण ९२ मिनिटांत एक फेरी. आता सगळंच पडत असेल, तर गार हवा जड म्हणून खाली बसणार आणि गरम हवा हलकी म्हणून वर चढणार, हा खेळच बंद. चहाच्या कपावरची वाफ वर जाणार नाही. ज्योत निमुळती होत नाही, गोळा होऊन राहते. आणि तुम्ही सोडलेला श्वास? तो तोंडासमोरच रेंगाळतो.

घरी आपल्याला हे कधी जाणवत नाही, कारण उच्छ्वास कोमट असतो, तो आपसूक वर जातो, खालून ताजी हवा येते. हा पंखा फुकट मिळालेला आहे, त्यामुळे ड्रॉइंगमध्ये तो कुणी काढत नाही. मीही काढला नव्हता.

हिशेब ज्युररांनी माझ्याच ट्रेसिंग पेपरवर केला. झोपलेला माणूस तासाला अंदाजे १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. माझी कुपी दोन घनमीटरची, म्हणजे २,००० लिटर. तासाला ०.६ टक्के. आठ तासांत पाच टक्क्यांच्या आसपास. बाहेरच्या हवेत हा वायू ०.०४ टक्के असतो. आणि हा हिशेब हवा सगळीकडे सारखी मिसळली असं धरून. प्रत्यक्षात ती मिसळतच नाही, त्यामुळे नाकाजवळ त्याहून आधी वाईट वेळ येते. आधी डोकं ठणकतं, मग धाप लागते. 'मौन' हे नाव फारच चपखल आहे, असं ते म्हणाले. सगळा हॉल हसला. मीही हसले, आणि हॉस्टेलवर जाऊन रडले.

म्हणून खरं स्टेशन गप्प नसतंच. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पंखे, पंप, गाळण्या दिवसरात्र चालतात. कित्येकांनी तिथे कानात बोळे घालून दिवस काढलेत. झोपायची जागा टेलिफोन बूथएवढी, स्लीपिंग बॅग भिंतीला बांधलेली, आणि त्या बूथमध्येही हवा खेळती हवीच. इतकं करूनही तिथल्या हवेत कार्बन डायऑक्साइड जमिनीच्या साधारण दहापट असतो आणि डोकेदुखीच्या तक्रारी होतात. पेन हरवलं, तर आधी हवा ओढून घेणाऱ्या जाळीवर बघायचं. बहुतेकदा ते तिथेच येऊन चिकटलेलं असतं. आणि आगीचा इशारा वाजला की वारा बंद करतात, कारण ज्योतीला ऑक्सिजन आणून देणारं तिथे दुसरं कुणी नाही. सेक्शन काढताना हे एवढं डोक्यात असू द्या, बाकीचं मागाहून शिकता येतं.

कक्षेत पोहोचण्याचं प्रकरणही याच गोष्टीला जोडलेलं आहे, म्हणून इंटिरियरवाल्यांनी 'ते रॉकेटवाले बघतील' म्हणून सोडू नये. मी सोडलं होतं. एक किलो वजन ४०० किलोमीटर वर नेऊन ठेवायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या जवळपास आठपट त्याला तो आडवा वेग द्यायला लागते. नुसतं वर गेलं तर ते सरळ खाली येतं. म्हणून किलो महाग. आणि नुसतं वजनच नाही, मापही रॉकेटच ठरवतं. स्पेस शटलची सामानाची जागा ४.६ मीटर व्यासाची, म्हणून त्यातून गेलेली अमेरिकी प्रयोगशाळा डेस्टिनी ४.३ मीटरची. १९७३ चं अमेरिकी स्टेशन स्कायलॅब ६.६ मीटर रुंद झालं, कारण ते सॅटर्न रॉकेटच्या टप्प्याच्या टाकीतच बसवलं होतं. आपल्या इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटचं, सामान झाकणारं टोपण पाच मीटर व्यासाचं. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीत भारतीय अंतरिक्ष स्थानकाच्या पहिल्या मॉड्यूलची (स्टेशनच्या एका सुट्या भागाची) प्रतिकृती मांडली होती, तिचा व्यास ३.८ मीटर. ते मॉड्यूल सुमारे दहा टनांचं असणार आहे. आता तुमच्या शीटवरचा तो बारा मीटर उंच, झाडं लावलेला लाउंज कशातून वर नेणार, ते स्वतःला विचारा. फुगवता येणारी मॉड्यूल्स हे एक उत्तर आहे, पण मग ते 'भविष्यात होईल' म्हणून सोडू नका, घडी कशी होते ते काढा.

फिरवून वजन जाणवावं म्हणून चाकाच्या आकाराचं फिरतं स्टेशन काढणाऱ्यांनाही एक आकडा देते. माणसाला मिनिटाला दोनच फेऱ्या सहज सोसतात असं धरलं, तर पृथ्वीसारखं वजन जाणवायला त्रिज्या सव्वादोनशे मीटरच्या आसपास लागते. बारा मीटर त्रिज्येत तेच करायचं तर मिनिटाला साडेआठ-नऊ फेऱ्या. मान वळवली की मळमळून येईल. १९२८ मध्ये पोटोचनिक या इंजिनिअरने तीस मीटर व्यासाचं, आठ सेकंदांत एक फेरी मारणारं राहतं चाक मांडलं होतं. त्या काळी कुणी असं फिरत राहून पाहिलं नव्हतं, त्याला माफ आहे. आपल्याला नाही.

एवढं वाचून विषयच बदलावासा वाटत असेल तर जरा थांबा. आपल्या धंद्याला तिथे जागा आहे. गालिना बालाशोवा मॉस्कोत शिकलेली आर्किटेक्ट. सोयुझ यानापासून मीर स्टेशनपर्यंत सोव्हिएत अंतराळयानांची अंतर्गत रचना तिच्या हातची. वर-खाली नसलेल्या जागेत माणूस गोंधळू नये म्हणून जमीन गडद, छत फिकं, एवढी साधी युक्ती. स्कायलॅबवर औद्योगिक डिझायनर रेमंड लोवी सल्लागार होते. जेवायच्या जागेला खिडकी हवी म्हणून त्यांनी आग्रह धरला, आणि तिथलं टेबल त्रिकोणी केलं होतं, म्हणजे तिघांत कुणी 'मुख्य' जागेवर बसायला नको. त्याच स्कायलॅबमध्ये एक भाग वर-खाली न ठरवता चारी बाजूंनी उपकरणं लावून सजवला होता, आणि तिथे राहिलेल्यांना तो आवडला नाही. गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत सातजणांचा संसार पाहिलेल्या मुलांना अशी जागा कळायला वेळ लागत नाही, हे माझं ठाम मत.

नोकरीचं मात्र स्पष्टच बोलते. इस्रोच्या भरतीत आर्किटेक्चरची पदं निघतात, हे खरं. ती जमिनीवरच्या इमारतींसाठी असतात. जाहिरात दिसली की अर्ज जरूर करा, पण घरी 'स्टेशन डिझाइन करणार' म्हणून पेढे वाटू नका. स्पेस आर्किटेक्चरची पदव्युत्तर पदवी ह्यूस्टन विद्यापीठात मिळते. खर्च घरी दाखवायच्या आधी स्वतः दोनदा बघा. सहा आठवड्यांत 'स्पेस हॅबिटॅट डिझायनर' करणाऱ्या ऑनलाइन कोर्सवर मी एकदा पैसे घालवले आणि चार पीडीएफ मिळाल्या. नासाचं मानवी उड्डाणाचं मानक, नासा-एसटीडी-३००१, फुकट उतरवून घेता येतं. कंटाळवाणं आहे. हवेचा आणि आवाजाचा भाग तरी वाचा.

आणि गाइड अंतराळातलाच मिळावा हा हट्ट सोडा. माझ्या गाइडना सगळं 'छान' वाटायचं, म्हणूनच मी बुडाले. ज्युरीनंतर मी कराडला घरी गेले तेव्हा शेजारचे डक्टवाले (हवेचे पाइप बसवणारे) काका हॉस्पिटलच्या साइटवर घेऊन गेले. अगरबत्तीचा धूर सोडून हवा कुठे कोंडते, ते त्यांनी दाखवलं. बेडच्या डोक्याशी धूर घुटमळला तर "इथं मेलेला कोपरा हाय, पोरी," म्हणायचे. स्टेशनचं जेवढं इंटिरियर मला आज कळतं, त्यातलं निम्मं त्या अगरबत्तीचं आहे. तुमच्या गावात असा कुणीतरी असणारच. त्याच्यासोबत आठवडाभर हिंडा.

सध्या मी पुण्यात ऑपरेशन थिएटरची इंटिरियर्स करते. अंतराळात माझा एक स्क्रूसुद्धा गेलेला नाही. शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये स्टेशनवर गेले तेव्हा ऑफिसमध्ये सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि मी मागच्या भिंतीवरच्या जाळ्या शोधत होते. बाहेरच्या एका विद्यापीठाकडे यंदा दुसऱ्यांदा अर्ज करतेय. मागच्या वेळी पोर्टफोलिओच्या पहिल्या पानावर पृथ्वी दिसणारी मोठी खिडकी होती. यंदा तिथे झोपायच्या खोलीचा सेक्शन आहे, डोक्याकडून पायाकडे जाणाऱ्या हवेचे निळे बाण आणि कोपऱ्यात पंख्याचा आवाज किती, तो आकडा.