बार काढल्यावर बंदूक कधी साफ करायची? या चुका टाळा

"किती दिवसांनी साफ करू?" असं विचारणाऱ्याला माझा उलटा प्रश्न असतो, नळीतून उडवलंय काय? काळी दारू, बारा बोअरचं काडतूस, पॉइंट टू टूची (.22 इंची रायफलची) गोळी आणि एअर रायफलचा छर्रा, प्रत्येकाचा हिशोब वेगळा आहे.

पण आधी बंदूक रिकामी आहे का ते बघा. काडतुसाची असेल तर उघडून नळीतून आरपार उजेड दिसला पाहिजे. ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची, असेल तर रिकाम्या नळीत गज (ठासायची सळई) कुठपर्यंत जातो त्याची खूण गजावर कायमची करून ठेवा, खूण बाहेर राहिली की समजायचं आत बार आहे. खुंटीला टांगलेली म्हणजे रिकामीच असणार, हे कोणी सांगितलं तरी ऐकू नका.

कोकणात शेती संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका अजून बऱ्याच घरांत आहेत आणि तिथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे "उद्या बघू". काळी दारू जळाली तरी तिचं निम्म्याहून जास्त वजन राख आणि क्षार होऊन मागे राहतं, काही धुरात जातं, बाकीचं नळीत बसतं, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात रानडुकरावर रात्री बार काढला आणि बंदूक तशीच ठेवली तर सकाळी नळी तांबूस. बरेच जण नुसतं तेल मारतात, पण क्षार तेलात विरघळत नाहीत, ते तेलाखाली आपलं काम चालूच ठेवतात. गरम पाणीच लागतं. केप (ठिणगी देणारी छोटी टोपी) काढा, निपल (केप बसते तो भोकाचा तुकडा) खोला, नळी सुटत असेल तर सोडवून तिचं बूड बादलीतल्या साबणाच्या गरम पाण्यात ठेवा आणि गजाला चिंधी गुंडाळून वरखाली करा, निपलच्या भोकातून काळं पाणी यायला लागेल, ते स्वच्छ येईपर्यंत पाणी बदलत राहा. शेवटचं पाणी चांगलं कढत घ्या म्हणजे नळी तापून स्वतःच सुकते. मग बंदुकीचं तेल. खोबरेल नको हं, थंडीत थिजतं आणि जुनं झालं की चिकट्टा होतो. दुसऱ्या दिवशी कोरडी चिंधी फिरवा, तांबूस निघाली तर परत पहिल्यापासून.

केप फुटते पण बार लागत नाही? बहुतेक वेळा निपलचं भोक राखेने नाहीतर तेलाने बुजलेलं असतं, म्हणून भरण्याआधी तेल पुसून काढायचं. आणि बार लागला नाही तर नळी मोकळ्या दिशेला धरून निदान मिनिटभर थांबा, डोकावू नका.

बारा बोअरला त्याच संध्याकाळी ब्रश आणि चिंधी पुरते. फक्त तोंडाजवळ जिथे नळी आवळत जाते तिथे प्लॅस्टिकच्या वॅडचा (काडतुसात छऱ्यांमागे असतं त्या बुचाचा) थर बसतो, तो विसरू नका.

आता नेमबाजीच्या रेंजवरच्या पोरांची चूक बरोबर उलटी, रोज घासतात. 50 मीटर रायफल म्हणजे तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला आणि स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला पदक आणलं तो खेळ, दहाचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटर, त्यात पॉइंट टू टूच्या नळीला शिसं आणि मेणाचा पातळ थर बसल्याशिवाय ग्रुप जुळत नाही, म्हणजे गोळ्या एका जागी पडत नाहीत. चकाचक नळीच्या पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातातच, म्हणून मॅचच्या आदल्या रात्री ब्रश हातात घेऊच नका. ग्रुप विनाकारण फुटायला लागला तर चेंबरच्या (गोळी बसते त्या जागेच्या) पुढची कडक काजळी काढा, रॉड मागून घाला, तोंडाकडून घातला तर तोंडाची कड झिजते आणि ती एकदा गेली की साफसफाईने परत येत नाही.

एअर रायफलमध्ये दारूच नाही, अधूनमधून फेल्टचे (नमद्याचे) दोन-तीन छर्रे मारले की झालं. हवेच्या सिलेंडरच्या तोंडाला साधं तेल लावणं मात्र धोक्याचं आहे, 200 बार दाबाच्या हवेत ते पेटू शकतं.

आणि हो, पावसाळ्यात फोमच्या केसमध्ये बंदूक महिनोनमहिने ठेवू नका, फोम ओल धरतो. आचारसंहितेत ठाण्यात जमा करायची वेळ आली तर देण्याआधी आतून-बाहेरून तेलाचा जाड हात मारून द्या, तिथे महिना-दोन महिने कोणी हात लावणार नाहीये, आणि परत मिळाली की घरी आल्या आल्या नळी बघा.