देवराई आणि लागवडीचे रान: मातीतला कर्ब आणि वनस्पतींची विविधता कशी मोजावी

कोकणातल्या एखाद्या गावची देवराई आणि शेजारच्या माळावर उभी केलेली ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड दुरून सारखीच हिरवी दिसते. त्यांच्या मातीत किती सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाला-मुळांतून आलेला कार्बन) साठला आहे आणि तेथे किती जातींच्या वनस्पती नांदतात, हे थोडी शिस्त पाळल्यास महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या गटालाही मोजता येते.

सर्वांत मोठी चूक जागा निवडतानाच होते. देवराई पुष्कळदा ओढ्याकाठी, खोल मातीवर असते, तर लागवड कातळालगतच्या उथळ जमिनीवर केलेली असते; अशा दोन जागांतला फरक झाडांमुळे पडला की मुळातल्या जमिनीमुळे, हे मग सांगता येत नाही. म्हणून उतार, मातीचा रंग आणि खोली मिळतीजुळती असलेल्या जागा घ्याव्यात आणि लागवडीपूर्वी तेथे नाचणी होती, चराई होती की जंगलच तोडले होते, हे जुन्याजाणत्या गावकऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. देवराईतले वाळलेले पानही बाहेर न नेण्याची रीत अनेक गावांत आहे. गावकीची आणि गुरवाची संमती मिळाल्याशिवाय तेथे कुदळ लावू नये.

वनस्पतींची नोंद पावसाळ्याच्या अखेरीस करावी, कारण उन्हाळ्यात तळातल्या बऱ्याच वनस्पती दिसतच नाहीत. दोन्हीकडे किमान पाच ठिकाणी दोरीने १० मीटर बाजूचे चौकोन आखून, जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर ३० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर असलेली सर्व झाडे मोजावीत. त्याच चौकोनात ५ मीटरचा चौकोन झुडपांसाठी आणि १ मीटरचा लहान रोपांसाठी आखावा. किंजळ, सातवीण, जांभूळ यांची रोपे कोठे उगवत आहेत आणि कोठे केवळ रानमोडी हे परदेशी तण माजले आहे, हे या लहान चौकोनातच कळते. माझ्या मते संपूर्ण पाहणीतली ही सर्वांत बोलकी नोंद असते. नुसती जातींची संख्या फसवी ठरते. १०० झाडांत १० जाती प्रत्येकी १० झाडांच्या असतील, तर शॅनन निर्देशांक (जाती किती आणि झाडे त्यांत किती समान वाटलेली, हे एकत्र सांगणारा आकडा) २.३० येतो, जाती तितक्याच, पण ९१ झाडे बाभळीची आणि उरलेल्या नऊ जातींचे एकेकच झाड असेल, तर तो सुमारे ०.५० वर उतरतो.

माती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, वाफसा आल्यावर घ्यावी. वरचा पालापाचोळा हाताने बाजूला सारावा, पण त्याखालची काळी भुसभुशीत माती खरवडू नये. ० ते १०, १० ते २० आणि २० ते ३० सेंटिमीटर अशा तीन थरांतून ठरावीक आकाराच्या लोखंडी नळीने नमुने घ्यावेत, वेगवेगळ्या पिशव्यांत भरावेत आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, कारण ओलाव्याने शाई पसरते.

प्रयोगशाळेकडून सेंद्रिय कर्बाची टक्केवारी मिळते, मात्र ती म्हणजे साठा, म्हणजेच दर हेक्टरी किती टन कर्ब, नव्हे. नळीतली माती १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवून, २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून, खडे वेगळे तोलावेत. जांभ्याच्या मातीत हे टाळले, तर हिशेबच चुकतो. समजा, ५ सेंटिमीटर व्यासाच्या आणि १० सेंटिमीटर लांबीच्या, म्हणजे सुमारे १९६ घनसेंटिमीटरच्या नळीत २१६ ग्रॅम कोरडा ऐवज निघाला आणि त्यात ४० ग्रॅम खडे होते. बारीक माती १७६ ग्रॅम, म्हणजे दर घनसेंटिमीटरला ०.९ ग्रॅम. बारीक मातीत कर्ब ३ टक्के असल्यास टक्केवारी, ही घनता आणि थराची सेंटिमीटरमधली जाडी यांचा गुणाकार करावा: ३ × ०.९ × १० = २७ टन प्रतिहेक्टर, एवढा त्या थरातला साठा. खडे वगळले नसते, तर तोच आकडा ३३ टन आला असता. टक्केवारी वॉकली-ब्लॅक पद्धतीने (रसायनाने कर्बाचे ऑक्सिडीकरण करून) काढली असेल, तर १.३ चा गुणक लावला आहे का, हे प्रयोगशाळेला विचारावे. या पद्धतीत सरासरी ७७ टक्केच कर्ब पकडला जातो.

बाभूळ हवेतले नत्र जमिनीत आणते, त्यामुळे पडीक माळावर तिच्याखाली कर्ब चांगला वाढलेला आढळू शकतो. तसे आढळल्यास तो आकडा लपवू नये आणि त्यावरून तेथे जंगल परतले असेही म्हणू नये. दोन्ही मोजमापे शेजारी शेजारी मांडावीत. चौकोनाच्या कोपऱ्यांवर दगड रोवून खूण करावी, म्हणजे पाच वर्षांनी त्याच जागी परतता येईल, आणि निघण्यापूर्वी खड्डे बुजवून बाजूला सारलेला पालापाचोळा पुन्हा पसरावा.