काइट लँडबोर्डचा डेक बनवताना या चुका टाळा

पतंगाच्या ओढीवर चालणाऱ्या माउंटनबोर्डचा (खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या, मोठ्या चाकांच्या स्केटबोर्डचा) डेक स्वतः बनवणाऱ्यांच्या हातून ज्या चुका होतात, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ एकाच समजुतीत असते: डेक म्हणजे पाय ठेवण्याची मजबूत फळी, आणि वळणे हे काम ट्रकचे, म्हणजे डेकच्या टोकांखाली बसवलेल्या, चाकांचा आस धरणाऱ्या जोडणीचे. प्रत्यक्षात डेकची टोके ज्या कोनात वर उचललेली असतात, त्या कोनावर ट्रकचे वळणे अवलंबून असते आणि स्वाराच्या वजनाने डेक लवला की तो कोनही बदलतो. म्हणून आधी ट्रक ठरवावा, त्यावरून टोकाचा कोन, मग स्वाराच्या वजनानुसार ताठरपणा, आणि लाकूड कोणते व थर किती हा विचार सर्वांत शेवटी करावा. हा क्रम उलटा झाला की पुढचे दोष दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य होते.

टोकाचा कोन अंदाजाने ठरवणे

चॅनल ट्रकचा फिरण्याचा अक्ष तो ज्या पृष्ठभागावर बसवलेला असतो त्याला समांतर असतो. असा ट्रक सपाट फळीवर बसवला तर फळी डावी-उजवीकडे कलते, पण चाके वळत नाहीत. टोक ३५° उचललेले असेल आणि स्वाराने डेक १५° कलवला, तर प्रत्येक ट्रक साधारण १०° वळतो. टोक २५° असेल तर तेवढ्याच कलण्याला ७° इतकेच वळण मिळते. कोलोरॅडोतील एमबीएस कंपनीच्या चॅनल ट्रकसाठीच्या डेकना ३५° चा कोन असतो, तो याच हिशेबातून. स्केट पद्धतीच्या ट्रकमध्ये मात्र पिव्होटचा (फिरण्याच्या अक्षाचा) कल ट्रकमध्येच घडवलेला असतो. असा ट्रक ३५° च्या टोकावर लावला तर जरासे कलताच बोर्ड झटकन वळतो आणि वेगात लटपटतो. एका प्रकारच्या ट्रकसाठी काढलेला साचा दुसऱ्यासाठी वापरू नये.

याच्याशी जोडलेली, पण क्वचितच लक्षात येणारी चूक म्हणजे डेक गरजेपेक्षा लवचीक ठेवणे. ९० सेंटिमीटर अंतरावर टेकलेल्या डेकचा मध्य २ सेंटिमीटर खाली गेला, तर दोन्ही टोके सुमारे ४° ने अधिक उभी होतात. उडीनंतर जमिनीवर उतरताना लवण त्याच्या तिप्पट झाले तर हा फरक ११° च्या पुढे जातो. म्हणजे तोल सांभाळणे सर्वांत कठीण असते नेमक्या त्याच क्षणी बोर्ड सर्वांत चंचल होतो. ट्रकमधले रबरी बुश घट्ट करून, हेलकावे शोषणारे डॅम्पर बदलून हा दोष झाकता येतो, पण जात नाही. ‘वेगात बोर्ड थरथरतो’ अशी तक्रार असेल तेव्हा ट्रक उघडण्याआधी डेक ट्रकच्या जागी दोन ठोकळ्यांवर टेकवावा, त्यावर पायांच्या जागी आपल्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवावीत आणि मध्य किती खाली गेला ते मोजावे.

ताठरपणा वाढवताना जाडीचा हिशेब नीट करावा. ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १० मिलिमीटरचा डेक १२ मिलिमीटरचा केला की तो सुमारे ७३ टक्क्यांनी अधिक ताठ होतो. ‘एखादा थर जास्त घालू, काय बिघडते’ हा विचार म्हणूनच महागात पडतो: अति ताठ डेक खडबडीत मैदानावरचा प्रत्येक हादरा सरळ गुडघ्यात पोचवतो.

साच्यातला कोन डेकमध्येही तसाच राहील असे मानणे

एकमेकांवर चिकटवून वाकवलेले थर साच्यातून सुटताच थोडे मागे येतात. थर सारख्याच जाडीचे असतील तर हे मागे येणे ढोबळमानाने थरसंख्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. तीन जाड थरांचा डेक ३५° च्या साच्यातून साधारण ३१° चा होऊन बाहेर येतो. सात पातळ थरांचा डेक मात्र एका अंशाच्या आतच सरकतो. त्यामुळे दीड मिलिमीटरचे सात-आठ व्हीनिअर (लाकडाचे पातळ पत्रे) हे तीन-चार जाड फळ्यांपेक्षा केव्हाही चांगले. ते वाकताना तडकत नाहीत आणि व्हॅक्यूम बॅगच्या (आतली हवा काढून घेतलेल्या पिशवीच्या) दाबानेही साच्याला नीट बसतात. ०.८ बार व्हॅक्यूम म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.८ किलो दाब. पातळ थरांना तो पुरतो, जाड थर टोकाच्या वळणावर साच्यापासून सुटून राहतात आणि तेथे गोंदाची जाड, ठिसूळ रेघ तयार होते.

आपल्याकडे बाजारात आयएस ७१० मानकाचे मरीन प्लाय सहज मिळते आणि पाण्याला ते टिकते, म्हणून अनेकांची नजर प्रथम तिकडे जाते. परंतु त्यातले जवळपास निम्मे थर आडव्या रेषांचे असल्यामुळे लांबीच्या दिशेने त्याची ताकद कमी पडते, आणि तयार जाड शीट टोकाच्या कोनात वाकत नाही. या कामासाठी सुटे व्हीनिअरच घ्यावेत आणि बहुतेक थरांच्या रेषा लांबीच्या दिशेने ठेवाव्यात.

गोंदाच्या बाबतीत पांढरा सुतारी गोंद टाळावा. तो सतत ताणाखाली हळूहळू सरकतो आणि काही महिन्यांत टोके खाली येतात. त्याऐवजी इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारे राळेसारखे रसायन) घ्यावे, ते वजन करूनच मिसळावे, आणि शिकंजे इतके आवळू नयेत की सांध्यातले सगळे इपॉक्सी बाहेर पडेल. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट, चिकट साय धरते. ती कोमट पाण्याने धुऊन, पॉलिश पेपर मारूनच पुढचा थर द्यावा, नाहीतर तो पापुद्र्यासारखा निघतो. साध्या तापमानाला घट्ट झालेले इपॉक्सी पुष्कळदा ५०-६०° सेल्सिअसला मऊ पडू लागते. उन्हात उभ्या बंद गाडीत काळ्या रंगाचा डेक ठेवणे म्हणूनच टाळावे.

तंतूंची दिशा आणि भोके

स्वार उभा असताना डेकची खालची बाजू ताणली जाते व वरची दाबली जाते. काचतंतूचे कापड दोन्ही बाजूंना हवेच, पण सगळे तंतू लांबीच्या दिशेने घातले तर डेक लवायला ताठ आणि पिळायला मऊ होतो. काइट लँडबोर्डिंगमध्ये हा दोष विशेष जाचतो, कारण पतंगाच्या ओढीला तोल देत स्वार बराच वेळ टाचेच्या कडेवर भार टाकून उभा असतो. टाच दाबली तरी तो भार ट्रकपर्यंत न जाता डेकच्या पिळण्यातच विरतो. दोन्ही बाजूंना किमान एक थर ±४५° दिशेचा, म्हणजे लांबीशी दोन्हीकडे ४५° तिरक्या तंतूंचा, असावा. नॉटिंगहॅमच्या ट्रॅम्पा कंपनीने लाकूड बाजूला ठेवून काचतंतूयुक्त पॉलिप्रोपिलीनचे डेक बनवले. घरगुती साधनांनी ते जमणारे नाही, परंतु तंतूंच्या दिशेचा नियम कोणत्याही डेकला लागू आहेच.

दोन पावलांच्या मधल्या भागात वाकवणारा ताण सर्वाधिक असतो, आणि बाइंडिंगची (पाय अडकवण्याच्या पट्ट्यांची) भोके नेमकी याच भागाच्या सीमेवर येतात. भोकाच्या कडेला ताण सुमारे तिप्पट होतो. म्हणून भोके एका आडव्या रांगेत, कडेलगत पाडू नयेत. प्रत्येक भोक आधी मोठे पाडून घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरावे आणि मग त्यात योग्य मापाचे भोक पाडावे. असे केल्याने लाकडात पाणी शिरत नाही आणि बोल्टचा दाबही पसरतो. रुंद वॉशर वापरावेत. हौसेने कार्बन कापड घालणाऱ्यांनी ॲल्युमिनिअमचा ट्रक आणि कार्बन यांच्या मध्ये काचतंतूचा एक थर ठेवावाच. कार्बन, ॲल्युमिनिअम आणि समुद्राचे खारे पाणी एकत्र आले की ॲल्युमिनिअम झपाट्याने खाल्ले जाते.

दोष ओळखणे

नवा डेक पतंगाशिवाय आधी हलक्या उतारावर चालवावा आणि दर वेळी उतरल्यावर टोकाचे वळण बारकाईने पाहावे. पारदर्शक काचथरात तेथे पांढुरका डाग दिसू लागला तर तंतूंमधले इपॉक्सी तडकू लागले आहे. नाण्याने डेकभर टकटक करत जावे. जेथे खणखणीत आवाज अचानक बद्द होतो, तेथे थर सुटले आहेत. कडेला सुटलेला लहानसा पापुद्रा सुरीने उघडून, वाळवून, पातळ इपॉक्सी भरून शिकंज्यात धरता येतो. टोकाच्या वळणावरचा सुटलेला थर मात्र दुरुस्त करू नये, तो डेक बाद करावा. बाद केलेला डेक फेकण्याआधी वळणावर आडवा कापावा आणि सुटलेले थर पाचर मारून उकलावेत: उकललेले पृष्ठ गुळगुळीत, चकचकीत असेल तर चूक गोंदाची किंवा दाबाची आहे, लाकडाचे तंतू दोन्ही बाजूंना ओरबाडलेले दिसत असतील तर गोंद ठीक होता, आणि पुढच्या साच्यात वळणाची त्रिज्या वाढवायला हवी.