गाडीचा क्लेम अडकलाय? आधी फाइल कुणाच्या टेबलावर आहे ते शोधा

गेल्या पावसाळ्यात पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका टेम्पोनं आमच्या गाडीला मागून ठोकलं आणि आम्ही पुढच्या कारवर जाऊन आदळलो. सुदैवानं कुणाला लागलं नाही. पण चार वर्षांची ती हॅचबॅक वर्कशॉपमधून बाहेर पडायला सात आठवडे लागले. त्यात प्रत्यक्ष काम झालं जेमतेम नऊ दिवस. बाकीचा सगळा वेळ गाडी शेडच्या कोपऱ्यात धूळ खात उभी होती आणि मी रोज हेल्पलाइनला फोन करत होते.

पाचव्या आठवड्यात मी वर्कशॉपमध्येच जाऊन बसले. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाले, "सर्व्हेअरसाहेबांचं अप्रूव्हल आलेलं नाही." सर्व्हेअर म्हणजे विमा कंपनीनं नुकसान तपासायला नेमलेली व्यक्ती. तिथूनच त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, सप्लिमेंटरी एस्टिमेट मला मिळालेलंच नाही." कंपनीचं उत्तर ठरलेलं होतं, सर्व्हे रिपोर्ट पेंडिंग. तिघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं. बंपर खोलल्यावर आत रेडिएटर सपोर्ट वाकलेला आणि एसीचा कंडेन्सर फुटलेला निघाला होता. त्याचं वाढीव एस्टिमेट तयारही होतं, पण तो एक कागद जॉब कार्डच्या खाली फाइलमध्येच राहिला होता. त्या संध्याकाळी तो सर्व्हेअरना गेला आणि तिसऱ्या दिवशी काम सुरू झालं.

म्हणून क्लेम रखडला की पहिला प्रश्न "कधी होईल?" हा विचारू नका. फाइल आत्ता कुणाकडे आहे आणि त्यांना नेमका कोणता कागद हवाय, हे विचारा.

नुसत्या फोनवर विसंबणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फोनवर मिळालेल्या आश्वासनाची नोंद तुमच्याकडे राहत नाही. वर्कशॉप, सर्व्हेअर आणि कंपनी या तिघांना एकच मेल पाठवा. क्लेम नंबर, गाडीचा नंबर, अपघाताची तारीख, सर्व्हे झाला तो दिवस, आणि खाली एवढंच: "माझ्याकडून कोणताही कागद बाकी असल्यास तो दोन दिवसांत लेखी कळवावा. बाकी नसल्यास निर्णय कोणत्या तारखेपर्यंत होईल ते कळवावं." तिघांची नावं एकाच मेलमध्ये आली की एकमेकांकडे बोट दाखवणं अवघड होतं. मी हे पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं.

मुदती माहीत नसणं

विमा नियामक, म्हणजे आयआरडीएआयनं 2024 मध्ये सामान्य विम्यासाठी परिपत्रक काढून वेळा बांधून दिल्या आहेत. क्लेम कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, नेमणुकीपासून 15 दिवसांत त्याचा अहवाल यायला हवा आणि अहवाल हाती आल्यावर कंपनीनं 7 दिवसांत निर्णय द्यायचा. अहवाल वेळेत मिळवण्याची जबाबदारीही कंपनीचीच. त्यामुळे "सर्व्हेअर बाहेरगावी आहेत" हे उत्तर ऐकून गप्प बसायचं कारण नाही. पैसे द्यायला उशीर झाला तर बँक रेटपेक्षा 2 टक्के जास्त दरानं व्याजाची तरतूद आहे, पण ते मेलमध्ये स्पष्ट मागा.

याच परिपत्रकानुसार निव्वळ कागदपत्रं नाहीत म्हणून क्लेम फेटाळता येत नाही. पीयूसी संपलेली होती म्हणून क्लेम नाकारता येणार नाही, हे तर नियामकानं 2020 मध्येच स्पष्ट केलं आहे. तरीही पीयूसीच्या नावाखाली लोकांना आजही परत पाठवलं जातं, याचा मला मनापासून राग येतो.

गाडी चालवत घरी आणणं, ओळखीच्या गॅरेजला टाकणं

समोरून धडक बसली असेल आणि गाडीखाली हिरवं किंवा गुलाबी पाणी ठिबकताना दिसलं तर इंजिन बंद करा आणि टोइंग बोलवा. ते कूलंट असतं. तशीच गाडी दहा किलोमीटर दामटली आणि इंजिन जाम झालं, तर इंजिनाचा खर्च कंपनी नाकारू शकते, कारण ते नुकसान अपघाताचं धरलं जात नाही. सर्व्हेच्या आधी डेंटिंग-पेंटिंग सुरू करणं हीदेखील तशीच घाई. काढलेले जुने पार्ट सर्व्हेअर पुन्हा पाहायला मागू शकतो, म्हणून अंतिम तपासणी होईपर्यंत ते भंगारात जाऊ देऊ नका. हे वर्कशॉपला सुरुवातीलाच सांगून ठेवा.

ड्रायव्हर बदलून सांगणं

गाडी मुलगा चालवत असतो, पण त्याचं लायसन्स संपलेलं असतं म्हणून वडील चालवत होते असं फॉर्मवर लिहिलं जातं. कृपा करून असं करू नका. शंका आली की कंपनी चौकशी अधिकारी नेमते. दवाखान्याचे कागद, पोलिसांची नोंद, जवळच्या दुकानाचा सीसीटीव्ही यातून खरं बाहेर येतं, आणि मग नुसता उशीर नाही, सगळा क्लेमच हातचा जातो.

नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याचंही तसंच. कंपनी बदलताना "मागच्या वर्षी क्लेम नव्हता" असं एजंटनं परस्पर लिहून टाकलेलं असतं. क्लेम आला की नवी कंपनी जुनीकडे विचारणा करते आणि फाइल तिथे अडते. आपली पॉलिसी आजच उघडून तो आकडा बघा. जुनी गाडी घेतली असेल तर पॉलिसीवर नाव कुणाचं आहे तेही तपासा. व्यवहारानंतर 14 दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. नुसतं आरसीवर नाव चढून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत.

रक्कम न समजता सही करणं

बिल 80,000 चं आणि मंजूर 55,000, असं झालं की लोक वाद घालत बसतात आणि आणखी महिना जातो. आधी कपातीचा तक्ता मागा. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, नसेल तर रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरीवर 50 टक्के घसारा लागतो, काचेवर काहीच लागत नाही आणि धातूच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे लागतो. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 आणि त्यावरच्या गाडीला 2,000 रुपये सक्तीची वजावट असते. एवढं वजा करूनही हिशेब जुळत नसेल तरच भांडा, आणि तेही पार्टनिहाय लिहून.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात. कर्ज असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात. बाकी रकमेचा दाखला आणि एनओसी बँकेकडून मिळायला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज त्याच दिवशी टाका.

तक्रार चुकीच्या दारात नेणं

ट्विटरवर लिहून मन मोकळं होतं, पण मुदतीचं घड्याळ लेखी तक्रारीनंच सुरू होतं. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. 14 दिवसांत समाधान झालं नाही तर नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर जा किंवा 155255 वर फोन करा. महिनाभरात कंपनीचं उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर विमा लोकपाल आहे, म्हणजे विम्याच्या तक्रारी कोर्टाबाहेर सोडवणारा अधिकारी. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. 50 लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, फी नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा, त्याला दोन वर्षांची मुदत आहे. आयोगात आधी गेलात तर त्याच प्रकरणात लोकपालाकडे जाता येत नाही.

तिथे सोबत न्यायची ती तुमची मेलची साखळी, तारखांच्या क्रमानं छापलेली.