डेलिली: एका दिवसाच्या फुलांनी बाग दीड-दोन महिने कशी फुलती ठेवावी

डेलिलीचं फूल सकाळी उमलतं आणि रात्रीपर्यंत मिटून जातं. दुसऱ्या दिवशी त्याच दांड्यावर दुसरी कळी उघडते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली या वनस्पतीला शास्त्रीय नाव दिलं ते हेमेरोकॅलिस. ग्रीकमध्ये हेमेरा म्हणजे दिवस आणि कॅलोस म्हणजे सौंदर्य. अपवादही आहे: लिंबासारख्या पिवळ्या रंगाची सिट्रिना ही सुवासिक जात संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी कोमेजते. एक फूल जास्त टिकवण्याचा उपाय नाही, म्हणून सगळी मेहनत घ्यायची ती दांडे आणि कळ्या वाढवण्यावर.

आधी रोप ओळखा. नुसतं ‘लिली’ म्हणून मागितलं तर नर्सरीत काहीही हाती पडतं. खऱ्या लिलीला लसणीसारखा पाकळ्या-पाकळ्यांचा कंद असतो आणि पानं दांड्यावरच येतात. डेलिलीला कंद नसतो. जाड, मांसल मुळ्यांचा झुबका असतो, लांब पट्ट्यांसारखी पानं बुडातूनच निघतात आणि फुलांचा दांडा त्यांच्यामधून वेगळा वर येतो. आजच्या वर्गीकरणात ती लिलीपेक्षा आपल्या कोरफडीच्या जवळची, तिच्याच कुळातली आहे. हा फरक लावणीच्या खोलीसाठी फार महत्त्वाचा आहे.

जाती निवडताना हंगाम बघा. लवकर, मध्यात आणि उशिरा फुलणारी अशी किमान तीन रोपं घ्या. एक गड्डा, म्हणजे एकत्र वाढलेल्या फुटव्यांचा झुबका, तीन-चार आठवडे फुलतो, पाळ्या नीट लागल्या तर वाफा दीड-दोन महिने रिकामा दिसत नाही. ‘स्टेला दे ओरो’ ही १९७५ मध्ये नोंदवलेली बुटकी, सोनेरी जात पुन्हापुन्हा फुलते. नवख्या माणसाने तिच्यापासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. चीन, जपान, कोरियाकडच्या मूळ जाती बहुतेक पिवळ्या-केशरी होत्या. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये आर्लो बर्डेट स्टाउट यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक वर्षं संकर केले, त्यातून लाल आणि गुलाबी छटांची वाट मोकळी झाली. आज नोंदलेल्या जाती हजारोंनी आहेत.

पुणे-नाशिककडे लावणार असाल तर सदाहरित प्रकार मागा. हिवाळ्यात पानं गाळून झोपणाऱ्या प्रकारांना थंडीची गरज असते, ते न्यू जर्सी किंवा शिकागोच्या अंगणात शोभतात.

लावणी. दिवसाला किमान सहा तास ऊन हवं. गडद लाल आणि जांभळ्या फुलांच्या पाकळ्या दुपारच्या कडक उन्हात करपतात, त्यांना दुपारनंतर सावली मिळेल अशी जागा द्या. माती भुसभुशीत करून कुजलेलं शेणखत मिसळा. खड्ड्याच्या मध्यभागी मातीचा उंचवटा करा, त्यावर रोप बसवा आणि मुळ्या चहूबाजूंनी खाली पसरवा. मुळं आणि पानं जिथे जुळतात तो पांढरट भाग मातीखाली दोन-तीन सेंटिमीटरच असावा. त्याहून खोल गेला तर पानं येत राहतात, पण दांडे येत नाहीत. दोन रोपांत ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर ठेवा. आपल्याकडे भर पावसात लावू नका, उष्ण आणि चिखलट मातीत बुडखा कुजतो.

फुलण्याच्या दिवसांत पाणी भरपूर पण खोलवर द्या. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा माती आतपर्यंत भिजवलेली बरी. कळ्या धरताना पाणी तुटलं तर त्या गळतात. कोमेजलेली फुलं दुसऱ्या दिवशी चिकट, काळपट होतात. ती देठाच्या बुडाशी बोटाने मोडून काढा. नुसत्या पाकळ्या ओढल्या तर खालचा भाग राहतो, बोंड धरतं आणि रोपाची ताकद बियांत जाते. मोडताना शेजारच्या कळीला धक्का लावू नका, ती उद्याची असते. सगळ्या कळ्या संपल्या की दांडा बुडापासून कापा.

गड्डा फोडणं हे सगळ्यांत फायद्याचं काम. तीन-चार वर्षांनी मधला भाग दाटतो आणि दांडे कमी होतात. फुलोरा संपल्यावर पानं १५-२० सेंटिमीटर ठेवून छाटा. गड्ड्याभोवती गोल खणून तो अख्खा उचला, पाण्याच्या धारेने माती धुऊन टाका. मग कोणता फुटवा कुठे जोडलेला आहे ते स्पष्ट दिसतं. हाताने पिळून सुटत असेल तर हातानेच सोडवा, नाहीतर धारदार सुरीने कापा. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन फुटवे आणि त्यांची मुळं असायलाच हवीत. मऊ, तपकिरी मुळं काढून टाका. बर्फ पडणाऱ्या भागात हे काम जमीन गोठण्याआधी सहा आठवडे तरी उरकावं, म्हणजे मुळं धरायला वेळ मिळतो.

अमेरिकेत जून-जुलैमध्ये रस्त्याकडेला दिसणारी केशरी डेलिली बहुतेकदा बी धरतच नाही, कारण तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात. तरी जमिनीखालून फुटवे काढत ती शेजारच्या झाडांना दाबून टाकते. वाफ्यात लावायची असेल तर भोवती कडेची आडोशी पट्टी गाडा किंवा कुंडीतच ठेवा.

घरात मांजर असेल तर मात्र डेलिली लावूच नका, कापलेली फुलंही घरात आणू नका. पान, फूल किंवा परागकण थोडे जरी पोटात गेले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चावल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता लगेच पशुवैद्याकडे न्या.