वाहक कापडाचा ईसीजी पट्टा तपासताना या चुका टाळा

छातीवर बांधायच्या पट्ट्यात चांदीचा मुलामा दिलेले नायलॉनचे कापड इलेक्ट्रोड (त्वचेवरून हृदयाचे विद्युत संकेत टिपणारा भाग) म्हणून वापरले आणि ईसीजीचा आलेख वेडावाकडा आला, की दोष कापडाच्या माथी मारला जातो. माझ्या अनुभवात मात्र बहुतेक वेळा चूक मोजणीत सापडते.

सर्वांत जास्त फसवतो तो साधा मल्टिमीटर. त्याच्या पिना कापडावर टेकवल्या, की बोटांचा दाब बदलेल तसा आकडा खालीवर होतो, कारण कापडाच्या रोधात पिनांच्या स्पर्शाचा आणि वायरींचा रोधही मिसळलेला असतो. कापडाचाच रोध एखाद-दुसरा ओहम असेल, तर या मोजणीला काही अर्थ उरत नाही. अशा वेळी चार तारांची पद्धत वापरावी, म्हणजे बाहेरच्या दोन तारांतून ठरावीक प्रवाह सोडून आतल्या दोन तारांमधले व्होल्टेज मोजावे. समजा, 10 सेंमी लांब आणि 2 सेंमी रुंद पट्टीचा रोध 5 ओहम आला. त्या लांबीत 2 सेंमीचे पाच चौरस बसतात, म्हणून कापडाचा रोध 1 ओहम प्रति चौरस झाला आणि विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील आकडा याच्याशीच ताडायचा. होजिअरीच्या विणीत उभ्या आणि आडव्या दिशेचा रोध सहसा वेगळा असतो, त्यामुळे दोन्ही दिशांच्या पट्ट्या कापाव्यात आणि त्या ताणूनही मोजाव्यात.

एवढे करूनही त्वचेचा प्रश्न राहतोच. कोरड्या त्वचेवरचा संपर्करोध किलोओहममध्ये जातो, त्यापुढे कापडाचा 1 ओहम की 5 ओहम हा वाद गौण ठरतो. पट्टा बांधल्याबरोबर नोंद सुरू करू नये. घामाचा ओलावा येईपर्यंत काही मिनिटे थांबावे किंवा 0.9 टक्के सलाइनने कापड ओलसर करावे, आणि शेजारी जेलचा इलेक्ट्रोड लावून दोन्ही आलेख एकाच वेळी घ्यावेत. दोन्हींचा फिल्टर सारखाच ठेवावा. 0.5 ते 40 हर्ट्झचा फिल्टर हृदयगतीसाठी पुरतो, पण त्यातून आलेल्या स्वच्छ आलेखाचे श्रेय कापडाला देणे आणि त्यावरून एसटी भागाचा, म्हणजे आलेखातील एस आणि टी लहरींमधल्या तुकड्याचा, निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

धुण्याच्या चाचणीत ब्लीच टाळावे, कारण त्याने मुलामा खराब होतो. धुतलेली पट्टी नुसती वाळवून लगेच मोजू नये. 20 अंश सेल्सिअस आणि 65 टक्के आर्द्रतेत स्थिरावू द्यावी. त्यानंतरही रोध एकदम वाढलेला दिसला, तर पट्टा बाद करण्याआधी टिचबटण तपासावे: एकदा बटणापासून आणि एकदा बटणालगतच्या कापडापासून मोजल्यावर मोठा फरक आला, तर कापड शाबूत असून सांधा सैल झालेला असतो.