मोटारदुरुस्तीसाठी आखूड हवेची गन कशी निवडावी

गॅरेजमध्ये जिला सरसकट ‘हवेची गन’ म्हणतात, ती म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारा आणि ठोके देत नट फिरवणारा इम्पॅक्ट रेंच. चाकाचे नट खोलणारी नेहमीची अर्धा इंची गन साधारण १८ सेंटिमीटर लांब आणि दोन-अडीच किलो वजनाची असते. चाक काढण्यापुरती ती उत्तम आहे. पण अल्टरनेटरचे ब्रॅकेट, लोअर आर्मचा बोल्ट किंवा क्रँक पुलीचा मधला बोल्ट खोलायची वेळ आली की ती इंजिन आणि चॅसिस यांच्या मधल्या फटीत शिरतच नाही, आणि मग मेकॅनिकला पाना, टॉमी व खांद्याचा जोर यांवरच भिस्त ठेवावी लागते. अशा जागांसाठी साधारण ९ ते १२ सेंटिमीटर लांबीची आणि सव्वा ते दीड किलो वजनाची आखूड गन मिळते. दुकानात तिला कोणी मिनी गन म्हणतात, कोणी स्टबी.

ही गन घ्यायला गेलेला बहुतेक प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो टॉर्कचा, म्हणजे नट पिळण्याच्या जोराचा. माझ्या मते हा प्रश्न तिसरा असायला हवा. आधी जागा, मग हवा आणि त्यानंतर टॉर्क, या क्रमाने विचार केला तर खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलून चुकीची गन घरी आणण्याची वेळ येत नाही. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: गन जिथे शिरायची आहे ती जागा मोजावी

आपल्याकडे वारंवार येणाऱ्या दोन-तीन गाड्या घ्याव्यात आणि ज्या बोल्टांनी आजवर त्रास दिला त्यांच्यासमोर किती मोकळी जागा आहे ते पट्टीने मोजावे. येथे एक चूक हमखास होते. माहितीपत्रकातली लांबी फक्त गनची असते. तिच्यापुढे गोटी, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणारे सॉकेट, लागते आणि बोल्टवर गोटी चढवताना गन थोडी मागेही घ्यावी लागते. गनचा पुढचा चौकोनी खुंट गोटीच्या आत जातो, त्यामुळे दोन्ही लांबींची सरळ बेरीजही बरोबर ठरत नाही. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे जाड पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा, गन आणि गोटी जोडून होईल तेवढ्या लांबीचा नमुना कापावा आणि तो गाडीखाली, चाकाच्या कमानीत आणि बॉनेटखाली प्रत्यक्ष धरून पाहावा. नमुन्याला मूठही जोडावी, कारण पुष्कळदा गनचे डोके शिरते आणि मूठ किंवा तिच्या तळाशी असलेली हवेची नळी सबफ्रेमला अडते.

दुसरी पायरी: तीन सूत की अर्धा इंच

आखूड गन प्रामुख्याने दोन ड्राइव्हमध्ये, म्हणजे पुढच्या चौकोनी खुंटाच्या दोन मापांत, येतात: तीन सुती, म्हणजे ९.५ मिलिमीटरचा चौकोन, आणि अर्धा इंची, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा. दुचाकीचे काम, इंजिनाभोवतालचे ८ ते १७ मिलिमीटरचे बोल्ट आणि ब्रेक कॅलिपर हेच जर मुख्य काम असेल तर तीन सुती गन घ्यावी, कारण तिच्या गोट्या बाहेरून बारीक असतात आणि अडचणीत सहज बसतात. चाकांचे १९ व २१ मिलिमीटरचे नट, सस्पेन्शन आणि हबचे नट हे काम रोजचे असेल तर अर्धा इंची गन घ्यावी. एकच गन परवडणार असेल आणि काम मुख्यतः मोटारींचे असेल तर मी निःसंकोच अर्धा इंची आखूड गन सुचवीन. अडॅप्टर लावून तीन सुती गनवर मोठी गोटी चढवता येते हे खरे. परंतु प्रत्येक जोड ठोक्याचा काही भाग गिळतो, खेरीज आपण ज्या लांबीसाठी जास्तीचे पैसे मोजले ती लांबी त्या जोडाने परत वाढते.

तिसरी पायरी: आपल्या कॉम्प्रेसरचा हिशेब मांडावा

गन चांगली असूनही नट हलत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या बाबतीत दोष बहुधा हवेत असतो. म्हणून या पायरीवर इतर सर्व पायऱ्यांपेक्षा जास्त वेळ द्यावा.

हवेच्या गनचे आकडे ९० पीएसआय, म्हणजे सुमारे ६.२ बार दाबासाठी दिलेले असतात. हा दाब गनच्या तोंडाशी, म्हणजे नळी जोडते तेथे, आणि ट्रिगर दाबलेला असताना मिळायला हवा. टाकीवरच्या घड्याळात ८ बार दिसतात म्हणून गनलाही तेवढेच मिळत असतील असे गृहीत धरता येत नाही.

दुसरी गोष्ट हवेच्या खपाची. माहितीपत्रकात अर्धा इंची गनसमोर पुष्कळदा ४ ते ५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) एवढाच खप लिहिलेला आढळतो. तो सरासरी खप असतो, म्हणजे मिनिटातले काही सेकंदच गन चालेल असे धरून काढलेला. ट्रिगर दाबून धरला असताना तीच गन २० सीएफएमच्या आसपास हवा ओढू शकते. एक सीएफएम म्हणजे मिनिटाला २८.३ लिटर, त्या हिशेबाने २० सीएफएम म्हणजे सेकंदाला जवळजवळ साडेनऊ लिटर हवा झाली. आता समजा, टाकी १०० लिटरची आहे, कॉम्प्रेसर ८ बारला बंद होतो आणि नळीतली घट धरून गनला पुरेसा दाब मिळण्यासाठी टाकीत किमान ७ बार हवेत. मग कामाची हवा उरली एका बारची, म्हणजे १०० लिटर, आणि ती साडेदहा सेकंदांत संपते. टाकी ४५ लिटरची असेल तर पाच सेकंदही मिळत नाहीत. तोच कॉम्प्रेसर १० बारपर्यंत भरणारा असेल तर मात्र तीन बार हाताशी राहतात आणि वेळ तिप्पट होतो. चार नटांच्या छोट्या मोटारीची चारही चाके काढायची तर १६ नट, दर नटाला दोन-तीन सेकंद. मध्ये हात हलवायला आणि जॅक लावायला जाणाऱ्या वेळात कॉम्प्रेसर टाकी भरत राहतो, त्यामुळे १०० लिटरच्या टाकीवर हे काम निभते. ४५ लिटरच्या टाकीवर प्रत्येक चाकानंतर थांबावे लागेल.

कॉम्प्रेसर नवा घ्यायचा असेल तर विक्रेत्याला ‘पिस्टन डिस्प्लेसमेंट’ किती हे विचारू नये, प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा किती हे विचारावे. पहिला आकडा सिलिंडरच्या आकारावरून काढलेला असतो आणि तो नेहमीच मोठा दिसतो. घरगुती एकफेज जोडणीवर चालणारा २ अश्वशक्तीचा पिस्टन कॉम्प्रेसर एका आखूड गनला, थांबत-थांबत का होईना, पुरतो. दोन मेकॅनिक एकाच वेळी गन चालवणार असतील तर त्याहून मोठा कॉम्प्रेसर हवाच.

तिसरी गोष्ट नळीची, आणि ती सर्वांत दुर्लक्षित आहे. लहान कॉम्प्रेसरबरोबर जी गुंडाळलेली ८ मिलिमीटरची पीयू (पॉलियुरेथेन) नळी येते, ती बाहेरून ८ मिलिमीटर असते. आतून जेमतेम ५ ते साडेपाच. हवा मारायला आणि धूळ उडवायला ती पुरते, गनला पुरत नाही. आतून १० मिलिमीटर व्यासाची नळी घ्यावी, कारण व्यास दुप्पट झाला की हवेची वाट चौपट होते. नळी शक्य तितकी आखूड ठेवावी आणि झटपट जोडणीचे कपलरही रुंद भोकाचे निवडावेत. शंका असेल तर गनच्या तोंडाशी टी आकाराचा जोड लावून छोटे प्रेशर घड्याळ जोडावे व ट्रिगर दाबून पाहावे. काटा ९० वरून ६० वर घसरत असेल तर नवी गन घेण्याआधी नळी बदलावी; कित्येकदा जुन्याच गनला त्यामुळे जीव येतो. घट भरून काढण्यासाठी दाब ठरवणारा रेग्युलेटर १२० पीएसआयवर नेऊन ठेवणे हा मात्र उपाय नव्हे. त्याने आतला हातोडा आणि पुढचा खुंट यांवर ताण येतो आणि गन अवेळी मोडते.

चौथी पायरी: टॉर्कचा आकडा वाचायला शिकावे

खोक्यावर कधी फूट-पौंड, कधी न्यूटन मीटर, तर कधी किलोग्रॅम-मीटर लिहिलेले असते. एक फूट-पौंड म्हणजे १.३६ न्यूटन मीटर आणि एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन मीटर. दोन गनांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच मापात आणावेत, नाहीतर ६१० न्यूटन मीटरची गन ४५० फूट-पौंडाच्या गनपेक्षा ताकदवान वाटू लागते, जरी दोन्ही आकडे एकच आहेत.

त्यानंतर तो आकडा कशाचा आहे ते पाहावे. सर्वांत मोठा आकडा बहुधा उलट्या दिशेने, नट सुटण्याच्या क्षणी मिळणाऱ्या कमाल टॉर्कचा असतो. घट्ट करण्याच्या दिशेचा कामाचा पल्ला त्याहून बराच कमी असतो, आणि जो उत्पादक हे दोन्ही आकडे वेगवेगळे छापतो त्याच्यावर मी अधिक विश्वास ठेवतो. गरज किती असते हेही समजून घ्यावे. छोट्या मोटारींचे चाकाचे नट साधारणपणे ८५ ते १३० न्यूटन मीटरला आवळलेले असतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. गंज चढलेला किंवा कोणीतरी आधी गनने बेसुमार आवळलेला नट सुटायला त्याच्या दुप्पट-तिप्पट जोर लागू शकतो. पुढच्या हबचा नट व काही क्रँक पुलींचे बोल्ट २०० न्यूटन मीटरच्या आसपास किंवा त्याहून वर जातात. म्हणजे ५०० ते ६०० न्यूटन मीटरची आखूड गन मोटारीच्या बहुतेक कामांना पुरेशी आहे. ट्रक आणि ट्रॅक्टरच्या चाकांसाठी ती नाही. तेथे पाऊण किंवा एक इंची गनच लागते.

पाचवी पायरी: आतली रचना आणि हातातली पकड

गनच्या आत हवेवर फिरणारी पात्यांची मोटर असते आणि तिच्यापुढे हातोड्याची यंत्रणा. ‘ट्विन हॅमर’ रचनेत दोन हातोडे समोरासमोरच्या बाजूंनी एकाच वेळी ठोकतात, त्यामुळे ठोके समतोल पडतात आणि हाताला हादरे कमी बसतात. ‘जंबो हॅमर’मध्ये एकच जड हातोडा असतो, जागा कमी लागत असल्याने पुष्कळ आखूड गनांत तीच रचना आढळते. तिचा एकेक ठोका दणदणीत असतो, पण हादरेही अधिक बसतात. दिवसभर गन हातात धरणाऱ्याने शक्य असेल तर ट्विन हॅमरच घ्यावी. हाताला बसणाऱ्या हादऱ्यांचा विचार चैनीचा नाही: युरोपीय संघाच्या २००२ सालच्या निर्देशाने आठ तासांच्या दिवसासाठी २.५ मीटर प्रति वर्ग सेकंद ही खबरदारी घेण्याची पातळी आणि ५ ही कमाल मर्यादा ठरवली आहे. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी बोटे पांढरी पडतात, बधिर होतात, आणि ते नुकसान पुष्कळदा भरून येत नाही.

बाहेरचे आवरण संमिश्र प्लास्टिकचे असेल तर गन हलकी राहते आणि प्रसरण पावणाऱ्या हवेमुळे मूठ फार गार पडत नाही. सुलट-उलट करण्याचा खटका त्याच हाताच्या अंगठ्याने किंवा बोटाने फिरायला हवा, कारण अडचणीत दुसरा हात पोहोचत नाही. वापरलेली हवा मुठीच्या तळातून बाहेर जाणारी असावी. ती बाजूने सुटत असेल तर चाकाच्या कमानीतली सगळी धूळ डोळ्यांत येते.

सहावी पायरी: गोट्या, जोडणी आणि तेल यांचा खर्च आधीच धरावा

हातपान्याच्या चकचकीत क्रोमच्या गोट्या गनवर कधीही लावू नयेत. त्या कठीण पण ठिसूळ असतात आणि ठोक्याने फुटून त्यांचे तुकडे उडतात. गनसाठी काळ्या, जाड भिंतीच्या, सहा कोनी इम्पॅक्ट गोट्याच घ्याव्यात आणि आखूड गनसाठी त्यांतल्याही आखूड घ्याव्यात. अलॉय चाकांसाठी प्लास्टिकचे कवच असलेली बारीक भिंतीची एक गोटी वेगळी ठेवावी.

गनच्या तोंडाचे आटे बीएसपी (ब्रिटिश मापाचे) आहेत की एनपीटी (अमेरिकी मापाचे), हे विचारून घ्यावे. आपल्याकडची बहुतेक जोडणी बीएसपीची असते. पाव इंची मापात बीएसपीला इंचामागे १९ आटे असतात, एनपीटीला १८. त्यामुळे एकात दुसरे दोन-तीन वेढे बसते, मग अडते, आणि जोर लावला तर गनचे आटे जातात.

हवेतले पाणी गाळणारा फिल्टर आणि तेलाचे काही थेंब यांवर गनचे आयुष्य अवलंबून आहे. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात टाकीत रोज पाणी साचते; ते संध्याकाळी तळाच्या कॉकमधून काढून टाकावे आणि काम सुरू करण्यापूर्वी गनच्या तोंडात हवेच्या अवजारांसाठी मिळणाऱ्या तेलाचे चार-पाच थेंब सोडावेत. इंजिन ऑइल वापरू नये. ते दाट असल्याने पाती चिकटतात.

दुकानात

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या अवजारांच्या बाजारात एकसारख्याच दिसणाऱ्या गन निरनिराळ्या नावांनी आणि किमतींनी मांडलेल्या असतात. तेथे विक्रेत्याला दोन गोष्टी स्पष्टपणे विचाराव्यात: पाती, बेअरिंग, ओ-रिंग आणि हातोडा सुटे मिळतात का, आणि ते कोठे मिळतात. जिचे सुटे भाग मिळत नाहीत ती गन कितीही स्वस्त असली तरी मी घेणार नाही, कारण पाती झिजणारच. शक्य असेल तेथे नळी जोडून गन चालवून पाहावी. ट्रिगर हळूहळू दाबल्यावर वेग हळूहळू वाढावा, पुढचा खुंट बाजूला डगडगू नये, ट्रिगर सोडलेला असताना हवा गळू नये आणि जोर कमी-जास्त करण्याच्या सर्वांत खालच्या पातळीवर तो खरोखर कमी व्हावा.

ही शेवटची चाचणी विशेष महत्त्वाची आहे, कारण गन खोलण्यासाठी घेतली तरी बसवायलाही ती वापरली जातेच. नट पहिले काही आटे हाताने फिरवून बसवावा, गन सर्वांत खालच्या पातळीवर ठेवून तो फक्त टेकवावा आणि शेवटचा आवळ समोरासमोरचे नट घेत टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरावीक टॉर्कला आवळणाऱ्या हातपान्यानेच, द्यावा. स्पार्क प्लग आणि सम्पचा (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीचा) ड्रेन बोल्ट यांना गन लावूच नये. ॲल्युमिनियममधले आटे एका ठोक्यात जातात. गनच्या खरेदीबरोबरच टॉर्क रेंच, डोळ्यांचा चष्मा आणि कानांचे प्लग यांचे पैसे बाजूला ठेवावेत, आणि ते पैसे खर्चात बसत नसतील तर गन एक पायरी स्वस्त घ्यावी.